कॅन्सरची पेशी थांबत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवायचा, पातळ कापायचा, रंगवायचा आणि स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवायची, हे माझं काम. रिपोर्ट न्यायला येणारे लोक काउंटरवर जे विचारतात आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर परत विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलंय. औषध कोणतं घ्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पेशीच्या आत काय घडतं तेवढंच इथे आहे.

कॅन्सर बाहेरून शरीरात शिरतो का? एका ताटात जेवलं तर दुसऱ्याला होतो का?

नाही आणि नाही. कॅन्सरची पेशी तुमचीच असते. गालाच्या कॅन्सरची पेशी म्हणजे गालाच्या आतल्या अस्तरातल्याच एखाद्या पेशीची नात-पणती. ताट, टॉवेल, संडास, काहीही वेगळं करायची गरज नाही, आणि तरी लोक करतात, पेशंटला त्याचा जो त्रास होतो तो बघवत नाही. काही कॅन्सरच्या मागे व्हायरस असतो, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण तिथेही एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो व्हायरस, कॅन्सर नाही.

मग साध्या पेशीला "आता बास" असं सांगतं कोण?

कुणी एक जण नाही, बरेच बंदोबस्त आहेत आणि एक तुटला तरी बहुतेकदा बाकीचे टिकून असतात, हे महत्त्वाचं.

आधी एक लक्षात घ्या की वाढ ही काही वाईट गोष्ट नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतल्या कित्येक रोज मरतात, रोज नव्या होतात. हाडांतला मगज दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी तयार करतो. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. लिव्हरचा मोठा भाग नातेवाइकाला दान केला तरी उरलेलं लिव्हर काही महिन्यांत परत जवळजवळ पूर्वीएवढं होतं, आणि मग थांबतं. मला यात "वाढतं"पेक्षा "थांबतं" याचंच जास्त नवल वाटतं.

तर बंदोबस्त असे. साधी पेशी स्वतःच्या मनाने दुभागत नाही, तिला आजूबाजूच्या पेशींकडून वाढीचा रासायनिक निरोप यावा लागतो, नाही आला तर ती गप्प बसते. दुसरं, काचेच्या डिशमध्ये साध्या पेशी वाढवल्या तर त्या एक थर भरेपर्यंत वाढतात आणि शेजारणीला टेकल्या की थांबतात, कॅन्सरच्या पेशी मात्र एकीवर एक चढत जातात, ढीग करतात. तिसरं, दुभागण्याआधी पेशीला तिच्या सहाशे कोटी अक्षरांच्या डीएनएची (पेशीने कसं वागायचं हे ज्यात लिहिलेलं असतं त्याची) अख्खी नक्कल काढायची असते, आणि त्या दरम्यान दोन-तीन ठिकाणी तपासणी होते, चूक सापडली तर काम थांबतं. सोलापूरच्या पूर्व भागात, पॉवरलूमच्या वस्तीत, वाढलेल्यांना हे पटकन कळेल, पॉवरलूमवर कांडीतला धागा तुटला की माग खटकन बंद पडतो, कामगार येऊन धागा जोडतो आणि मगच पुढचा टॉवेल विणला जातो, तसंच. पेशीत हे थांबवायचं काम मुख्यतः पी-५३ नावाचं प्रोटीन करतं. चौथं, बिघाड दुरुस्त होण्यापलीकडचा असेल तर पेशी स्वतःला संपवते, शिस्तीत, आसपास सूज न आणता, तिचे तुकडे शेजारच्या पेशी खाऊन टाकतात. आणि पाचवं, एका पेशीच्या वंशाने किती वेळा दुभागायचं याचीही मर्यादा असते. ते मला सगळ्यात आवडतं, म्हणून त्याला वेगळा प्रश्न दिलाय.

एवढे बंदोबस्त असताना कॅन्सर होतोच कसा?

एका दिवसात होत नाही म्हणून होतो. म्हणजे, सगळे एकदम तुटत नाहीत. आज एक, दहा वर्षांनी दुसरा, असं चालतं, आणि मधल्या काळात माणसाला काहीच कळत नाही.

रॅस नावाचा जीन घ्या. जीन म्हणजे डीएनएचा एक तुकडा, ज्यावरून पेशी एखादं प्रोटीन बनवते. वाढीचा निरोप आला की रॅस प्रोटीन चालू होतं, काम झालं की बंद होतं. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत सापडलं की या जीनमध्ये फक्त एक अक्षर बदललंय, आणि त्यामुळे प्रोटीनमध्ये बाराव्या जागेवर ग्लायसीन या घटकाऐवजी व्हॅलीन हा दुसराच घटक बसलाय. एवढ्यावर रॅस बंदच होईना. निरोप आलेला नसतानाही पेशीला वाटतंय की आला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये दहातल्या साधारण नऊ जणांत याच घरातला एक जीन बिघडलेला असतो.

रॅससारख्या जीनची एक प्रत बिघडली तरी पुरतं, पण थांबवणाऱ्या जीनचं तसं नाही. त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईची एक वडिलांची, आणि दोन्ही गेल्याशिवाय काम बंद पडत नाही. हे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून मांडलं. ज्या घराण्यात हा कॅन्सर चालत आलाय तिथली मुलं एक प्रत बिघडलेलीच घेऊन जन्मतात, म्हणून त्यांना फार लहानपणी आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत होतो, बाकीच्यांना एकाच डोळ्यात आणि जरा उशिरा. (फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका बुबुळात पांढरी चमक दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा, दरवेळी कॅन्सर नसतो पण बघून घ्यायचंच.)

आणि एक बिघाड पुरत नाही याचा पुरावा तुमच्याच अंगावर आहे. तीळ! बऱ्याचशा तिळांतल्या पेशींत बीरॅफ नावाच्या जीनमध्ये तोच बदल सापडतो जो त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरमध्ये सापडतो. पेशी त्या बदलामुळे थोड्या वाढल्या, मग बाकीच्या बंदोबस्तांनी त्यांना गप्प केलं, आणि आता तो तीळ तीस-चाळीस वर्षं आहे तेवढाच आहे. त्यामुळे तीळ बघून घाबरू नका, पण अचानक वाढायला लागला, रंग किंवा कडा बदलल्या, तर दाखवा.

पी-५३ बद्दल सगळीकडे एवढं का बोलतात?

कारण माणसाच्या कॅन्सरपैकी जवळजवळ निम्म्यांत हा जीन बिघडलेला असतो. १९७९ मध्ये सापडला तेव्हा उलटच वाटलं होतं, की हाच कॅन्सर करतो, दहाएक वर्षांनी कळलं की हा तर थांबवणारा. वर मागाचं सांगितलं ना, त्यातलं थांबवायचं यंत्रच मोडलं तर धागा तुटला तरी माग चालू राहणार, आणि पुढचं सगळं कापड फुकट. पी-५३ गेलं की तसंच, चुका दुरुस्त न होता पुढच्या पिढीत जातात आणि तिथून पुढचे बिघाड भराभर साठतात.

हत्तीची गंमत माहितीये का? हत्तीच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, जगतोही साठ-सत्तर वर्षं, म्हणजे हिशोबाने त्याला कॅन्सर जास्त व्हायला पाहिजे, पण होतो कमी. २०१५ मध्ये कळलं की आपल्याकडे या जीनची एक जोडी असते तर हत्तीकडे वीस. पेशीत जरा बिघाड दिसला की हत्तीची पेशी दुरुस्तीच्या फंदात न पडता सरळ मरते.

पेशीला मोजूनमापून दुभागायची परवानगी असते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. आणि हे मानायला शास्त्रज्ञच तयार नव्हते. ॲलेक्सिस कॅरेल नावाचे नोबेल मिळालेले मोठे सर्जन, त्यांनी १९१२ पासून कोंबडीच्या हृदयाच्या पेशी काचेत वाढवल्या आणि त्या पुढे चौतीस वर्षं चालल्या, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की पेशी मुळात अमर आहे, शरीरच तिला म्हातारं करतं. मग १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या साध्या पेशी वाढवून दाखवल्या, त्या ४० ते ६० वेळा दुप्पट झाल्या आणि थांबल्या. खाऊपिऊ घाला, डिश बदला, काही उपयोग नाही. मेल्या नाहीत, फक्त दुभागायच्या बंद झाल्या. कॅरेलसारखं परत कुणालाच जमलं नाही, त्यांच्या डिशमध्ये खाद्याबरोबर ताज्या पेशी जात असाव्यात असंच आता मानलं जातं.

पेशी मोजते कशी? तर पेशीतला डीएनए क्रोमोसोम नावाच्या तुकड्यांत गुंडाळलेला असतो, आणि प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन्ही टोकांना टेलोमेअर असतं. त्यात माहिती काही नसते, टीटीएजीजीजी ही सहाच अक्षरं हजारो वेळा. डीएनएची नक्कल काढणारं यंत्र टोकाचा शेवटचा थोडासा भाग काढू शकत नाही, त्यामुळे दर दुभागणीला साधारण ५० ते २०० अक्षरं कमी होतात. जन्मतः दहा-पंधरा हजार असतात. कमी होत होत टोक उघडं पडलं की पेशीला ते तुटलेल्या डीएनएसारखं वाटतं, पी-५३ जागं होतं, आणि दुभागणी कायमची बंद.

आता हिशोब करा. एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे साधारण शंभर कोटी पेशी, एका पेशीपासून तीस वेळा दुप्पट झालं की झाल्या शंभर कोटी. कागदावर बघितलं तर चाळीस-साठची मर्यादा पुरेल असं वाटतं, पण गाठीत पेशी मरतही असतात, भरपूर, त्यामुळे तेवढी गाठ व्हायला प्रत्यक्षात दुभागण्या कितीतरी जास्त लागतात आणि मर्यादा आड येतेच. यातून सुटायला कॅन्सरच्या पेशी टेलोमरेज नावाचं एन्झाइम चालू करतात, जे गेलेली अक्षरं परत जोडतं. हे एन्झाइम एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी १९८४ मध्ये शोधलं, तेही तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात, आणि त्या दोघींना जॅक शोस्टाक यांच्याबरोबर २००९ चं नोबेल मिळालं. आपल्या बीजपेशींत आणि काही मूळपेशींत ते चालू असतं, बाकीच्या बहुतेक पेशींत बंद. कॅन्सरपैकी ८५ ते ९० टक्क्यांत ते परत चालू झालेलं सापडतं. उरलेल्यांतले बरेच दुसऱ्याच युक्तीने, एका क्रोमोसोमचं टोक बघून दुसऱ्याचं लांबवतात.

म्हणून कॅन्सरच्या पेशी काचेत कितीही वर्षं वाढतात. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, पेशी घेतल्या. बाई त्याच वर्षी गेल्या, एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये दुभागतायत, पोलिओची लस तपासायलाही त्याच वापरल्या होत्या.

मग टेलोमरेज वाढवायची गोळी घेतली तर म्हातारपण येणार नाही?

फेसबुकवर जाहिरात बघून हे विचारणारे महिन्याला दोन-तीन तरी असतात. वरचा प्रश्न परत वाचा. जे एन्झाइम बंद असणं हा कॅन्सरविरुद्धचा एक बंदोबस्त आहे, ते पैसे देऊन चालू कशाला करायचं?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायरसने होतो ना? मग तो बाहेरूनच आला की.

प्रश्न बरोबर आहे. एचपीव्ही व्हायरस बाहेरून येतो, शरीरसंबंधातून, आणि तो इतका सर्रास आहे की बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, त्यात चारित्र्याचा काही संबंध लावू नका. दहातल्या नऊ जणींत शरीर त्याला दोनेक वर्षांत हाकलून देतं. काहींत तो राहतो.

त्याला स्वतःची पिल्लं वाढवायची असतात आणि त्यासाठी डीएनएची नक्कल काढणारी पेशीची यंत्रणा चालू पाहिजे. म्हणून तो दोन प्रोटीन बनवतो. ई-७ हे आरबी नावाच्या थांबवणाऱ्या प्रोटीनला, म्हणजे नुडसनवाल्या डोळ्याच्या कॅन्सरमध्ये ज्याचा जीन बिघडलेला असतो तेच, धरून निकामी करतं, त्यामुळे पेशी दुभागायला लागते. अशी वेळी-अवेळी दुभागणी दिसली की पी-५३ पेशीला मारणार, तर ई-६ आधीच पी-५३ चा चुराडा करवून ठेवतं. वर टेलोमरेजही चालू करायला मदत करतं. बाकीच्या कॅन्सरला जे बिघाड साठवायला कित्येक वर्षं जातात त्यातले दोन-तीन हा व्हायरस एका झटक्यात उरकतो. तरीही संसर्गापासून कॅन्सरपर्यंत बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच जातात, कारण बाकीचे बंदोबस्त शिल्लक असतात.

त्या दहा-पंधरा वर्षांत तपासणी केली तर पकडता येतं, आणि हे जगाला दाखवून दिलं ते आपल्याच भागाने, हे सोलापुरात कितीजणांना माहितीये कुणास ठाऊक. खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली रजिस्ट्री १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. पुढे बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत एचपीव्हीची टेस्ट केली, तीही आयुष्यात एकदाच, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू, काहीच तपासणी न केलेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरचे डॉक्टर त्याचा दाखला देतात. कुठल्या मोठ्या शहरात नाही, जिथे सकाळी बायका शेतावर जातात अशा गावांत झालंय हे. लसही आहे, पुण्याच्या सीरमच्या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, ती मुलींना लहान वयात, व्हायरसशी गाठ पडायच्या आधी दिली तर जास्त उपयोगी. पण तीस ओलांडलेल्या बाईने लस हुकली म्हणून गप्प बसू नये, तिच्यासाठी तपासणी आहे.

मी सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते. / फक्त मावा खातो. त्याने काय होतंय?

आमच्याकडे येणाऱ्या तोंडाच्या बायोप्सीच्या फॉर्मवर हे "फक्त" फार वेळा वाचायला मिळतं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची रसायनं असतात, ती पेशीत गेली की डीएनएच्या अक्षरांना चिकटतात, आणि चिकटलेलं अक्षर नक्कल काढताना चुकीचं वाचलं जातं. एका चिमटीने काही होत नाही, पण गालाचं अस्तर दर दोनेक आठवड्यांनी नवं होत असतं, म्हणजे तिथल्या पेशी सतत नक्कल काढतायत, आणि त्याच जागी रोज तंबाखूची गोळी धरली तर लॉटरीचं तिकीट रोज काढल्यासारखं आहे, कधीतरी नेमका पी-५३ मध्ये नंबर लागतो. चुना त्या जागेला भाजतो, भाजलेलं भरायला पेशी अजून दुभागतात. सुपारी निर्दोष समजतात, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलंय. सुपारीने गालाच्या आतला भाग कडक होत जातो, तोंड उघडेना होतं. आरशापुढे उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघा, जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेलं तोंड आलेलं, तेही. चट्टा म्हणजे कॅन्सर नाही, एक-दोन बंदोबस्त तुटलेत आणि बाकीचे शाबूत आहेत अशी अवस्था बऱ्याचदा असते, तेव्हा सोडलं तर काही चट्टे चक्क जातात.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुढचं लिहीत नाही, टपरीवर तुम्हीही जाता.

आई घरी विड्या वळते. तिला पण धोका?

वळताना तंबाखूची धूळ श्वासात जाते, हातालाही लागते, त्याने खोकला, दम, अंगाला खाज असे त्रास होतात, त्यामुळे हवा खेळती ठेवून, तोंडाला कापड बांधून, लहान पोरांना लांब बसवून काम करावं. पण विडी वळणाऱ्या घरात मिश्रीचा डबाही हाताशी असतो, आणि तोंडाच्या कॅन्सरच्या दृष्टीने पक्का धोका तिथे आहे. आधी ती सोडवा.

गाठ एवढी मोठी होते, तिला खायला कोण घालतं?

तुम्हीच. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून फार लांब पोचत नाही, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं तेव्हा लोक हसले होते. गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीला फांद्या फुटतात. घाईत झालेल्या असल्यामुळे त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, स्लाइडवरही मोठ्या गाठीचा मधला भाग बऱ्याचदा मेलेला दिसतो, नुसता गुलाबी चिखल, एक केंद्रक दिसत नाही.

शरीराची प्रतिकारशक्ती मग करते काय?

बरंच करते, कित्येक बिघडलेल्या पेशी आपल्याला न कळता मारते. पण लढाऊ टी-पेशींना आवरायला त्यांच्यावर पीडी-१ नावाचं एक बटण असतं, नाहीतर त्या आपल्याच अंगावर उठतील. काही कॅन्सरच्या पेशी नेमकं तेच दाबून ठेवतात. ते दाबू न देणारी औषधं हा इम्युनोथेरपीचा एक प्रकार, पीडी-१ वर काम करणारे तासुकु होन्जो आणि अशाच दुसऱ्या एका बटणावर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. सगळ्यांना लागू पडत नाही, आणि महाग आहे.

साखर बंद केली की गाठ उपाशी मरेल?

नाही मरणार. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे खरं आहे, ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं, आणि पेट स्कॅनमध्ये साखरेसारखंच रसायन टोचून गाठ चमकवतात ते यावरच. पण तुम्ही गोड सोडलं तरी शरीर भाकरीपासून, नाहीतर स्नायू झिजवून रक्तातली साखर राखतंच. केमो चालू असताना अर्धपोटी राहून वजन घालवलेले लोक बघितलेत, त्यांचे डोस पुढे ढकलावे लागतात. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दूध, डाळ, अंडं, जे जाईल ते खाऊ द्या. तोंड आलं असेल तर चटणी नको, भाकरी दुधात कुस्करून द्या.

सुरी लागली की कॅन्सर भडकतो, मग बायोप्सी कशाला?

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. उलट्या क्रमाने झालेली समजूत आहे ही: लोक उशिरा येतात, तपासणी होते, तोवर आधीच पसरलेला असतो, आणि दोष सुरीला. पसरायचं म्हणजे पेशीला जागा सोडून, रक्तात तगून, नव्या ठिकाणी रुजायचं असतं. साधी पेशी जागा सुटली की मरते, हाही एक बंदोबस्तच. तो तोडलेल्या पेशी गाठीत आधीच असतात किंवा नसतात, सुईने तयार होत नाहीत. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत पण फार कमी, आणि काही ठरावीक गाठींना सुई लावायची नसते हे डॉक्टरांना माहीत असतं. बायोप्सीशिवाय कुठला कॅन्सर, कुठलं औषध, काहीच ठरत नाही.

केमोने केस का जातात?

जुनी केमोची औषधं कॅन्सर ओळखत नाहीत, दुभागणारी पेशी ओळखतात. केसांची मुळं, आतडं, हाडांतला मगज सतत दुभागतात म्हणून केस जातात, जुलाब होतात, रक्त कमी होतं. या पेशींचे बंदोबस्त शाबूत असल्याने त्या थांबून, दुरुस्त होऊन परत उभ्या राहतात. केस येतात.

हे सगळं कळून उपयोग काय झाला?

नेमका तुटलेला बंदोबस्त कळला तर नेमकं औषध करता येतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसांत बदलले जातात आणि कधीच बंद न होणारं एक प्रोटीन तयार होतं. छोटं झालेलं क्रोमोसोम १९६० मध्ये दिसलं होतं, अदलाबदल १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ओळखली, आणि ते प्रोटीन बंद करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. पूर्वी जे लोक काही वर्षांत जायचे ते आता रोज गोळी घेऊन नोकरी करतात, लेकरांची लग्नं करतात. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारलं, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. रॅसवर मात्र चाळीस वर्षं औषधच सापडत नव्हतं, त्याच्या एका प्रकारावर पहिलं २०२१ मध्ये मंजूर झालं.

मग बरा झालेला परत का उलटतो?

कारण गाठ एकसारख्या पेशींची नसते. तपासणी मोडल्यावर दुभागताना चुका होतच राहतात, आणि शंभर कोटींत एखाद-दोन अशा निघतात ज्यांना ते औषध लागूच पडत नाही. बाकीच्या मेल्या की त्यांना रान मोकळं. म्हणूनच दोन-तीन औषधं एकत्र देतात, आणि म्हणूनच बरं वाटतंय म्हणून मधेच डोस सोडू नका असं सांगतात.

आजीला होता, आत्याला होता. मला होणार?

सगळ्या कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्केच आई-वडिलांकडून आलेल्या बिघडलेल्या जीनमुळे होतात. एकाच बाजूच्या दोघी-तिघींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा, तोही पन्नाशीच्या आत, असं असेल तर बीआरसीए (घराण्यातून येणारा बिघडलेला जीन शोधायच्या) टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. एरवी घराण्यात चालत आलेली मिश्री जास्त बघावी.

रिपोर्टवर "वेल डिफरन्शिएटेड" आणि "केआय-६७ : ३०%" असं लिहिलंय. चांगलं की वाईट?

पहिलं म्हणजे पेशी ज्या साध्या पेशीपासून झाल्या तिच्यासारख्या अजून बऱ्याच दिसतात. तोंडाच्या अशा गाठीची स्लाइड लावली की पेशींच्या घोळक्यात मधेच एकात एक गुलाबी कडी दिसतात, केराटिनची, म्हणजे कातडी-नखांतल्या कडक प्रोटीनची. म्हणजे बंदोबस्त तोडले तरी त्या अजून अस्तराचं काम करायचा प्रयत्न करतायत. "पुअरली" लिहिलं असेल तर ती कडी नसतात, नुसती मोठी काळपट केंद्रकं, एक लहान एक थोराड, आणि ठिकठिकाणी दुभागताना पकडलेल्या पेशी, काही तर दोनाऐवजी तीन भागांत ओढलेल्या.

केआय-६७ हे दुभागायच्या कामात असलेल्या पेशीतच सापडणारं प्रोटीन. आम्ही ते तपकिरी रंगवतो, विश्रांतीतली केंद्रकं निळी राहतात, डॉक्टर मोजतात. ३०% म्हणजे शंभरातली तीस केंद्रकं तपकिरी. स्तनाच्या गाठीत हा आकडा एक अर्थ सांगतो, लिंफोमात, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, दुसरा, आणि जास्त आकडा म्हणजे गाठ जोरात वाढतीये पण दुभागणाऱ्या पेशींवरच काम करणारी केमो तिथे कधीकधी जास्त चांगली लागू पडते, त्यामुळे नुसता आकडा गुगलवर टाकून रात्र जागवू नका, सकाळी रिपोर्ट घेऊन ओपीडीला जा, आणि जमलं तर मेणाचा ब्लॉकही आमच्याकडून मागून घ्या, पुढच्या हॉस्पिटलला तो लागतोच.